गळका वॉटर पंप: ओम्नी, ईको, इनोव्हावाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरची मोठी गाडी म्हणजे ओम्नी, ईको, एर्टिगा, नाहीतर जुनी इनोव्हा. माणसं गच्च भरायची आणि सौंदत्तीला, ज्योतिबाला नाहीतर चोर्ला उतरून गोव्याला जायचं. अशा गाडीचा वॉटर पंप, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी इंजिन आणि रेडिएटरमध्ये फिरवणारा पंप, गळायला लागला की जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. गॅरेजात किंवा पार्टच्या दुकानात ‘वॉटर बॉडी’ म्हणालात तरी हाच पार्ट समोर येईल.

गाडीखाली पाणी दिसतंय. पंपच गळतोय हे कसं ओळखायचं?

आधी एसीचा संशय फेडून घ्या. एसी चालवून गाडी उभी केली की खाली जे पाणी टपकतं ते स्वच्छ असतं. त्याला वास नसतो, ते चिकटही नसतं. उन्हाळ्यात अशा पाण्याला घाबरून गॅरेज गाठणारे बरेच. कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, मात्र हिरवं, गुलाबी किंवा निळं दिसतं, बोटांना बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो. चव घेऊन मात्र बघू नका, ते विषारी आहे.

मग जागा बघा. ओम्नी आणि ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली, रेडिएटर मात्र नाकाशी. त्यामुळे थेंब पुढच्या बंपरखाली पडत असतील तर रेडिएटर किंवा त्याचा पाइप तपासा. सीटच्या खालच्या भागात पडत असतील तर पंप, त्याच्या जवळचे पाइप किंवा थर्मोस्टॅटचं (ठरावीक तापमानाला पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचं) पॅकिंग. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते पाहा. चालत्या गाडीत वाऱ्याने पाणी मागे उडतं, म्हणून फिरून आल्यावर दिसणाऱ्या ओल्या जागेवर फार विश्वास नको.

खात्रीची खूण पंपावरच असते. पंपाच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर पडावं, यासाठी. तिथे वाळलेला, पापुद्र्यासारखा रंगीत थर दिसला तर सील गेलं. नुसता पुसट डाग असेल, थेंब नसेल आणि कुलंटच्या टाकीतली पातळी उतरत नसेल तर घाई नाही, लक्ष ठेवा.

पंपातून आवाजही येतोय. हे वेगळं दुखणं आहे का?

त्याच दुखण्याची पुढची पायरी. सीलमधून आलेलं पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं की त्यातलं ग्रीस धुतलं जातं आणि घरघर सुरू होते. इंजिन बंद, गार, किल्ली काढलेली अशा अवस्थेत पुली हाताने धरून हलवा. पुढे-मागे किंवा वर-खाली खेळ लागला तर ती गाडी चालवत गॅरेजला नेण्याच्याही लायकीची नाही. बेअरिंग तुटलं की पुली वाकडी होते, बेल्ट उडतो, आणि त्याच बेल्टवर अल्टरनेटर असेल तर चार्जिंगही जातं.

थोडंच गळतंय. पाण्याचा कॅन सोबत घेऊन सौंदत्तीला जाऊन आलो तर चालेल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर दरवेळी हेच.

इंजिन बंद असताना जे भोक थेंब-थेंब गळतं, तेच इंजिन तापून आत दाब चढला की धारेने गळू शकतं. गावातल्या गावात बाजारला जाऊन येताना पातळी बोटभर उतरते, म्हणून वाटतं की चालून जाईल. पण बेळगावहून सौंदत्ती म्हणजे एका बाजूने ऐंशी-नव्वद किलोमीटर, आत आठ माणसं, वर सामान, यात्रेच्या गर्दीत पहिल्या गिअरवर सरकणं. शिवाय पाणी पार संपलं तर अनेक गाड्यांत तापमानाचा काटा वर जायच्याऐवजी खाली येतो, कारण सेन्सरला पाणीच लागत नाही. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी गार झाली. तोवर आत हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकायला लागलेलं असतं.

पंप हा या सगळ्यातला स्वस्त भाग. महाग आहे ते अॅल्युमिनियमचं हेड. ते वाकलं की हेड उतरवणं, लेथवर फेस करून घेणं, नवं गॅस्केट, ऑइल, मजुरी, आणि गाडी चार-सहा दिवस आत. पाणी ओतत चालवण्यात वाचलेले पैसे या एका बिलात जातात. यात्रेला भाड्याच्या गाडीने जा.

घाटात काटा वर चढला तर?

चोर्ला आणि आंबोली या दोन्ही वाटांची एक गंमत आहे. बेळगावहून गोव्याला किंवा सावंतवाडीला जाताना उतार असतो, त्यामुळे पंपाचं दुखणं लपून राहतं. येताना समुद्रसपाटीजवळून पठारावर चढताना, भरलेल्या गाडीत, दुपारच्या उन्हात ते उघडं पडतं. म्हणजे जाताना गाडी ठीक होती याला पुरावा मानू नका.

काटा मधल्या खुणेच्या वर जाताना दिसला की आधी एसी बंद करा. हीटर असेल तर पूर्ण गरम करून पंखा मोठा करा. माणसं आत शिजतील, पण इंजिनातली थोडी उष्णता बाहेर निघेल. काटा तरी उतरत नसेल तर रुंद जागा बघून बाजूला घ्या, हजार्ड लाइट लावा, मागच्या चाकाला दगड लावा आणि इंजिन बंद करा. वळणावर थांबू नका, घाटात मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसत नाही.

मग थांबायचं. अर्धा-पाऊण तास तरी. रेडिएटरची कॅप गरम असताना कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडायची नाही. आतलं पाणी दाबाखाली उकळबिंदूच्या वर असतं. झाकण सुटताच ते वाफ होऊन तोंडावर येतं. टॉवेल धरून हळूच उघडतो म्हणणाऱ्या काकांनाही अडवा. गार झाल्यावर पाणी भरताना एकदम थंडगार बादली ओतायची नाही, इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओता.

निपाणीजवळचा तवंदी घाट किंवा पुणे-बंगळूर हायवेवर अडकलात तर राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ या नंबरवर मिळते. चोर्ल्यात मोबाइलची रेंज मधेच गायब होते, त्यामुळे कणकुंबी किंवा जांबोटीच्या अलीकडे-पलीकडे गाडी कुरकुरली तर पुढे रेटण्यापेक्षा वस्तीत थांबलेलं बरं.

गॅसवर गाडी धक्के खाते, पेट्रोलवर बरी चालते. याचा पंपाशी काय संबंध?

पुष्कळ संबंध असू शकतो. एलपीजी आणि सीएनजी किटमधल्या रिड्यूसरला इंजिनच्याच गरम पाण्याने ऊब दिलेली असते, कारण गॅसचा दाब उतरताना तो भाग गारठतो. सिस्टिममधलं पाणी कमी झालं की ही ऊब तुटते, कधी रिड्यूसरवर बर्फ धरतो आणि गाडी अडखळते. गॅसवाल्याकडे जाऊन ट्यूनिंग करण्याआधी कुलंटची पातळी बघा. रिड्यूसरकडे जाणारे दोन बारीक पाइपही तपासा. गळती तिथे असते आणि नाव पंपाचं खराब होतं.

कुलंट कशाला? आपल्याकडे बर्फ थोडाच पडतो.

बर्फ नाही पडत, पण कुलंटचं ते एकच काम नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. इथे साधं पाणी उघड्या भांड्यात १०० नव्हे, साधारण ९७.५ अंशांना उकळतं. इंजिनचा थर्मोस्टॅटच ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो, म्हणजे मधे जागा किती उरली बघा. ही जागा वाढवतात दोन गोष्टी. एक, रेडिएटरची कॅप. ती ०.९ बारचा दाब धरत असेल तर साधं पाणीही ११७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. दुसरी, कुलंटमधलं ग्लायकॉल, त्याने हा आकडा आणखी वर जातो. कॅपचं रबर कडक झालं असेल तर नवा पंप टाकूनही गाडी उकळेल. पंपाबरोबर कॅप नवी घ्या, ती स्वस्त वस्तू आहे.

त्याहून मोठं काम म्हणजे गंज रोखणं. नुसत्या पाण्यात लोखंडी भाग गंजतात, अॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि तो बारीक कचरा पंपाच्या सीलवर घासत राहतो. पूर्व भागातल्या बोअरचं पाणी जड असेल तर आणखी वाईट. चहाच्या पातेल्यात जसा पांढरा थर धरतो तसा तो रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. कुलंटचा घट्ट द्रव घेतला तर त्यात डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळा. तयार मिसळलेलं मिळालं तर त्यात काहीच घालू नका. वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या जातीची कुलंटं एकत्र करू नका, त्यांची कधीकधी साय धरते.

हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकली तर?

जुन्या ट्रकवाल्यांची हळद रेडिएटरच्या बारीक छिद्राला तात्पुरती लागू पडायची. पंपाचं सील हा फिरता भाग आहे, तिथे काही चिकटून राहत नाही. उलट तो चोथा रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. नकोच.

मेस्त्री म्हणतो नुसतं सील-बेअरिंग बदलून देतो. बदलावं का?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काय होत नाही? शाफ्ट दाबून काढतील, नवं बेअरिंग बसवतील, सील घालतील. पार्ट मिळतच नसेल अशा फार जुन्या गाडीला तो रस्ता आहे. पण ओम्नी, ईको, इनोव्हाचा आख्खा पंप सहज मिळतो. दुरुस्त केलेल्या पंपात शाफ्ट किंचित जरी तिरका बसला तरी सील पुन्हा गळतं, आणि खोलण्या-जोडण्याची मजुरी दुसऱ्यांदा पडते. आख्खा पंप, नव्या पॅकिंगसह घ्या.

टायमिंग बेल्ट बरोबरच बदलायचा का?

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा पट्टा. पंपाबरोबर तो बदलायचा का, हे इंजिनवर आहे. ओम्नीच्या ७९६ सीसी इंजिनसारख्या जुन्या पेट्रोल इंजिनांत पंप टायमिंग कव्हरच्या मागे बसलेला असतो. पंप फिरतो बाहेरच्या फॅन बेल्टवर, पण काढायचा तर टायमिंग बेल्ट आणि त्याला ताण देणारा टेन्शनर उतरवावा लागतो. अशा गाडीत सगळं उघडलंय तर बेल्ट आणि टेन्शनर नवे टाकून घ्या. मजुरी एकदाच लागते. शिवाय पंपाचं पाणी टायमिंग बेल्टवर पडलेलं असेल तर तो बेल्ट वरून कितीही नवा दिसला तरी ठेवू नका.

नोव्हेंबर २०२२ पासूनच्या ईकोत के-सिरीज इंजिन आहे, त्यात टायमिंगला चेन असते, तेव्हा हा खर्च कुणी सांगितला तर विचारा कशासाठी. जुन्या २.५ लिटर डिझेल इनोव्हात टायमिंग बेल्ट आहे खरा, पण पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो. तिथे टायमिंग बेल्टची पाळी किलोमीटरवरून ठरवा, पंपावरून नाही.

पार्ट कोल्हापुरातून आणला तर कर कमी पडतो का?

आता नाही. व्हॅटच्या दिवसांत दोन राज्यांचे दर वेगळे असायचे, तेव्हा ही चर्चा रंगायची. १ जुलै २०१७ पासून जीएसटी दोन्हीकडे सारखाच, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर तो १८ टक्के आहे. फरक पडेल तो दुकानदाराच्या सवलतीत. निपाणीवाल्याला कोल्हापूर जवळ पडतं म्हणून तिकडून आणलं तर ठीक, पण पार्ट चुकीचा निघाला तर बदलायला पुन्हा तेवढंच जावं लागेल हे धरून चला. जुना पंप हातात घेऊन दुकानात जा, पुलीचे बोल्ट आणि तोंड जुळवून पाहा. मारुतीला कंपनीचा, इनोव्हाला कंपनीचा किंवा आयसिनचा पंप मागा. बिल घ्याच.

घरच्या अंगणात हे काम जमेल का?

बाहेर बसवलेल्या पंपाचं, थोडा हात बसलेल्या माणसाला जमेल. टायमिंग बेल्ट उतरवायचा असेल तर नाही, असं माझं स्पष्ट मत. एक दात चुकला की इंजिनची वेळ चुकते, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

जमणार असेल तर इंजिन रात्रभर गार होऊ द्या. के-सिरीज ईकोत सीट उचलून काम करावं लागतं, हात घालायला जागा कमी, म्हणून उजेडाची सोय आधी करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. खाली परात ठेवून कुलंट सोडा. बेल्ट काढण्याआधीच पुलीचे बोल्ट सैल करा, कारण बेल्टचा ताण पुलीला धरून ठेवतो; बेल्ट काढल्यावर पुली नुसतीच फिरत बसते. इनोव्हात पंपाच्या पुढेच पंखा असतो, तो आणि त्याचं आवरण बाजूला घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पंपाचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर पंपाचा आकार काढून त्याच जागी एकेक बोल्ट खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी घट्ट केला तर अॅल्युमिनियमची आटी जाते आणि मग खरंच उद्यमबाग गाठावी लागते. पंप अडकून बसला असेल तर लाकडाच्या तुकड्यावरून हलके ठोका, पेचकस घालून उचकू नका.

ज्यावर पॅकिंग बसतं ती जागा साफ करण्यावर वेळ घालवा. बहुतेक नवे पंप गळतात ते याच आळसामुळे. जुन्या पॅकिंगचा तुकडा नखाएवढा जरी राहिला तरी तिथून पाणी येतं. छिन्नी नको, प्लास्टिकची पट्टी आणि बारीक पॉलिश पेपर पुरे. कागदी पॅकिंग असेल तर दोन्ही बाजूंना भरभरून सीलंट फासायची गरज नसते. जास्तीचं आत जाऊन रेडिएटरमध्ये फिरत बसतं. बोल्ट आधी सगळे हाताने लावा, मग आडवे-तिडवे थोडे थोडे कसा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतो, म्हणजे छोटा पाना, मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला धरा.

फॅन बेल्ट किती ताणायचा?

ताण हाताने कमी-जास्त करायच्या जुन्या पद्धतीच्या बेल्टला दोन पुलींच्या मधे अंगठ्याने जोरात दाबल्यावर ६ ते ९ मिलिमीटर दबायला हवा. कर्र आवाज येतो म्हणून वीणेच्या तारेसारखा ताणून ठेवतात, आणि नवा पंप वर्षभरात बेअरिंगसकट जातो.

पंप नवा, कुलंट नवं, तरी काटा वर जातो. का?

नव्वद टक्के वेळा हवा अडकलेली असते, असं मेस्त्री लोक म्हणतात. ओम्नी आणि ईकोत हे जास्त होतं. रेडिएटर पुढे, इंजिन मधे, आणि त्यांना जोडणारे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून गेलेले. या पाइपांच्या वळणात हवेचा फुगा बसतो आणि पाणी फिरतच नाही.

गाडीचं नाक वर येईल अशी उतारावर उभी करा, नाहीतर पुढची चाकं जॅकस्टँडवर घ्या. हीटर असेल तर गरमवर ठेवा. रेडिएटरची कॅप उघडी, इंजिन गार असतानाच चालू करा आणि सुस्त चालू द्या. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तेवढं कुलंट भरत राहा. पाइप हाताने दाबत गेलात तर फुगा लवकर सुटतो. पंखा आणि बेल्टपासून हात आणि साडीचा पदर दोन्ही दूर. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत हे चालू द्या, पाणी उतू यायला लागलं तर मधेच थांबवा. मग कॅप लावा, गावात छोटी फेरी मारा, पूर्ण गार होऊ द्या आणि पातळी पुन्हा बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत टाकीतलं पाणी थोडं उतरतं, ते काळजीचं नाही.

एवढं करूनही तापत असेल तर थर्मोस्टॅट, रेडिएटरचा पंखा आणि त्याचा फ्यूज, आणि शेवटी हेड गॅस्केट. सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली चॉकलेटी साय, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत न थांबणारे बुडबुडे, यापैकी काही दिसलं तर गाडी चालवू नका.

थर्मोस्टॅट काढूनच टाकू, असं गॅरेजात सुचवलं. ऐकावं का?

ऐकू नका. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा येतं, ऑइल पातळ होत नाही, पेट्रोल जास्त जळतं. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवा. पंपाच्या कामात कुलंट सोडलेलंच असतं, तेव्हाच करून घ्या.

गाडी किती वेळ आत राहील?

बाहेरचा पंप असेल आणि पार्ट आणून ठेवला असेल तर अर्धा दिवस. टायमिंग किटसकट एक दिवस धरा. बेळगावच्या ऑटोनगरात सकाळी लवकर गाडी लावली तर संध्याकाळी मिळते, पण हवा काढायला पुरेसा वेळ द्या म्हणावं. घाईत नेमकं तेच राहून जातं. जुना पंप परत मागून घ्या: ‘मेस्त्री, जुनी वॉटर बॉडी डिकीत टाका.’ खरंच बदललाय का हे बघायची ती सोपी रीत, आणि चांगल्या मेस्त्रीला त्याचा राग येत नाही.

सोडलेलं कुलंट गटारात ओतलं तर काय होतं?

एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं. कुत्री-मांजरं, अंगणातली वासरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मोरीत, गटारात, शेताच्या बांधावर ओतू नका. जुन्या कॅनमध्ये भरा, बूच घट्ट लावा, वर ‘विष’ लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. गॅरेजवाल्याकडे वापरलेल्या ऑइलचं पिंप असतं, त्यात कुलंट मिसळू नका. वेगळं घेतो का ते त्याला विचारा. फरशीवर सांडलं असेल तर आधी माती किंवा भुसा टाकून उचला, मग भरपूर पाण्याने धुवा.